भर कार्यक्रमातलं गाऱ्हाणं

आमच्या घरमालकिणीने भर कार्यक्रमात, खचाखच भरलेल्या मैदानात उभं राहून गाऱ्हाणं घातलं, त्यावरून वेंगुर्ल्यात अजून दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, म्हातारीने चांगला चाललेला कार्यक्रम नासवला. दुसरा म्हणतो, बरं केलं, कोणीतरी बोलायलाच हवं होतं. मी दुसऱ्या पक्षातली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की बाई तटस्थपणाचा आव आणून एकाच बाजूने बोलल्या. तटस्थ माणसांचा मला मनस्वी राग येतो. त्या संध्याकाळी मैदानात सगळ्यात जास्त भरणा त्यांचाच होता.

सगळा गाव तिला काकी म्हणायचा. कोणाची सख्खी काकी होती कोण जाणे. माझी हायस्कुलात बदली झाली आणि मी तिची पुढची खोली भाड्याने घेतली, तेव्हा तिने मला उंबऱ्यावरच उभं करून विचारलं, "खंयची गो तू?"

"आंबोलीची."

"आंबोलीची? मगे त्या पावसात तुमचे कपडे खंय सुकतत?"

"सुकत नाहीत," मी म्हटलं. "तसेच घालतो."

हे उत्तर तिला आवडलं असावं, कारण तिने मला आत घेतलं. मी पहिल्या दिवशी तिला "तुम्ही" म्हटलं. ती म्हणाली, "तुमी-आमी सरकारी हापिसात. घरात माका तू म्हण, नायतर ओ देवचंय नाय." आणि खरंच, दोन दिवस मी "काकी, तुम्ही" म्हणून हाक मारली की ती भिंतीकडे बघत बसायची. तिसऱ्या दिवशी मी शरण गेले.

तिची स्वतःची "तुम्ही-आम्ही"ची भाषा मात्र होती. ती चिडल्यावर निघायची. एरवी काकी अस्सल मालवणी बोले. भांडण, थट्टा, शिव्या, माया, सगळं मालवणीत. पण खरोखरचा राग आला की बाई एकदम शुद्ध मराठीत शिरायची. एकदा दूधवाल्याने दुधात पाणी घातलं, तेव्हा ती अंगणात येऊन थंडपणे म्हणाली, "आपण उद्यापासून आपली व्यवस्था अन्यत्र पाहावी." तो बिचारा सायकल टाकून हात जोडायला लागला. "काकी, शिये घाल, पण असा बोला नको!" म्हणाला. शिव्यांना माणूस उत्तर देऊ शकतो. "आपण"ला काय उत्तर देणार?

आणि दुसरी तिची खोड म्हणजे गाऱ्हाणं. आमच्याकडे देवाला काही सांगायचं म्हणजे गाऱ्हाणं घालायचं. गावाचा मानकरी हातात नारळ घेऊन देवासमोर उभा राहतो, देवाला हाक मारून एकेक गोष्ट मोठ्या आवाजात सांगतो, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेली माणसं एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. आईच्या कडेवर असल्यापासून म्हटलेलं असतं. कानावर तो "रे म्हाराजा" पडला की तोंड आपोआप उघडतं. मागणं काय होतं, हे बऱ्याचदा नंतर कळतं. आता हे काम पुरुषांचं, आणि पुरुषांतही मानाच्या माणसांचं. काकीला हे कोणी सांगितलं नसावं, किंवा सांगितलं असेल आणि तिने ऐकलं नसेल. दुसरं जास्त शक्य आहे.

ती कशावरही गाऱ्हाणं घालायची. पंप चालू होत नाही, घाल गाऱ्हाणं. गॅसवाला येत नाही, घाल गाऱ्हाणं. नारळ नसला तर हातात कांदा चालायचा. एका सकाळी मी न्हाणीत दात घासत होते आणि बाहेर तिचा आवाज लागला, "बा देवा म्हाराजा! आमच्या घरात एक बाई आसत, शिकलेल्या आसत, पोरांका सायन्स शिकवतत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागच्या गोडाऊनमधून पोरांचा आवाज आला.

"तेंका नळ बंद करूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पोरं ओरडली, आणि त्यांच्यात माझाही आवाज होता. तोंडात ब्रश, बाजूला नळ वाहतोय, आणि मी स्वतःच्याच विरुद्ध होकार भरतेय. बाहेर काकी इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं.

ती पोरं म्हणजेच या सगळ्या भानगडीचं मूळ. काकीच्या घरामागे काजूचा छोटा कारखाना होता. तिच्या सासऱ्याने काढलेला. आठ-दहा बायका बसून काजू फोडायच्या, त्यांच्यात काकीही. टरफलाच्या तेलाने तिच्या बोटांची टोकं काळी झाली ती काळीच राहिली. पुढे मोठे कारखाने आले, हिचा बंद पडला, आणि गोडाऊन रिकामं झालं. मुलगा मुंबईला नोकरीत. तो मे महिन्यात यायचा आणि आंब्याच्या पेट्यांबरोबर परत जायचा. अशा त्या रिकाम्या गोडाऊनसाठी एके दिवशी कॉलेजातली चार पोरं आली. प्रॅक्टिसला जागा हवी म्हणाली.

"काय वाजवतास?" काकीने विचारलं.

"रॉक," त्यातला गाणारा म्हणाला.

"म्हणजे काय?"

त्याने तिथेच थोडं गाऊन दाखवलं. काकीने शांतपणे ऐकून घेतलं आणि काळजीने विचारलं, "पोटात दुखता काय रे तुझ्या?"

बाकीचे हसले. चौथा हसला नाही, तो मागे उभा होता, हातात गोणपाटाची पिशवी घेऊन. काकीने पिशवीकडे बोट केलं. त्याने गुपचूप आतून घुमट काढलं. घुमट म्हणजे मातीचं मडकंच, दोन तोंडांचं. एका तोंडावर कातडं ताणून बांधायचं, दुसरं उघडं ठेवायचं. एका हाताने कातड्यावर वाजवायचं आणि दुसऱ्या तळव्याने उघडं तोंड झाकायचं-सोडायचं, की आवाज पोटातून आल्यासारखा घुमतो. आमच्याकडे गणपतीच्या आरतीला वाजवतात.

"ह्या खंय वाजवतलंस?"

"हेंच्या वांगडा," तो बाकीच्या तिघांकडे बघत म्हणाला. "रॉकात."

काकीने घुमटावर बोटाने एक टिचकी मारून बघितली. मग कमरेची चावी काढून दिली. "रॉकाक नाय देवक," तिने बजावलं. "घुमटाक दिलंय."

त्यानंतर काही वर्षं आमच्या घरात शांतता अशी नव्हतीच. काकी दिवसातून दोनदा गोडाऊनच्या दारावर थापा मारून ओरडायची, "मेल्यांनो, काजीचा एक झाड धरूचा नाय ह्या आवाजान!" आणि चुकून आवाज बंद झाला तर चप्पल न घालता धावायची. "काय रे, मेलास काय सगळे?" आंबोळ्या करायची, काळ्या वाटाण्याची उसळ करायची आणि टोप दाराशी ठेवून म्हणायची, "उरलेला आसा, कुत्र्याक घालूचा तर तुमका घातलंय." उरलेलं कसलं डोंबल! सकाळपासून वाटण वाटत बसलेली मीच बघितलेली असायची.

पोरं मालवणीत गाणी करायची. गिटारच्या त्या कडकडाटात मधेच घुमट लागलं की अंगावर काटा यायचा, हे मला कबूल करायला लागेल. मी काही संगीतातली जाणकार नव्हे. पण एवढं मलाही कळतं की गिटार वाजवणारे ढिगाने मिळतात. या पोरांचे व्हिडिओ मोबाईलवर फिरायला लागले ते घुमटामुळे. लोक विचारायचे, "तो मडक्यावालो ग्रूप खंयचो?" पुढे चाहत्यांनी टी-शर्ट छापले, त्यावरही घुमटाचंच चित्र. माझ्या नववीच्या वर्गात निम्म्या पोरांच्या दप्तरावर ते चिकटवलेलं असायचं.

तो घुमटवाला पोरगा दुचाकीच्या गॅरेजमध्ये काम करायचा. बाप बंदरावर, आयुष्यभर होडीवर. पोरगा बोलायला मोजका. काकी पायरीवर बसून वाल सोलायची आणि हा शेजारी बसून हलक्या हाताने वाजवत राहायचा. दोघं तासभर एक शब्द बोलायची नाहीत, आणि उठताना काकी म्हणायची, "आज बरी गजाल झाली हा." म्हणजे गप्पा!

पोरांचं नाव झालं आणि मुंबईचा एक मॅनेजर त्यांच्या मागे लागला. तो आला, बघून गेला आणि त्याने सांगितलं, आवाज छान आहे, पण लूक नाही. लूक म्हणजे काय ते घुमटवाल्याने एका संध्याकाळी काकीला सांगितलं. मी बाजूलाच वह्या तपासत बसले होते.

"कपडे घाल म्हणतत, काकी."

"मगे आता काय नागडो वाजवतंस?"

"तसा नाय गो. कोळ्याचे कपडे. कमरेक रुमाल, डोक्यार तांबडी टोपी."

"कित्याक?"

"कोकणातलो वाटाक होयो म्हणान."

"आणि आता खंयचो वाटतंस? बेळगावचो?"

तो हसला नाही. "माझो बापूस जन्मभर दर्यात गेलो," तो म्हणाला. "तेना कधी असो रुमाल नेसूक नाय. आमच्या बंदरार कोण नेसता सांग. मुंबयचे कोळी नेसतत, तो तेंचो मान. मी तेंचा सोंग कित्या घेव? उद्या ते माका विचारतले, तुका कोणी अधिकार दिलो?"

काकीने सोललेला वाल टोपात टाकला. "नाय म्हणान सांग."

"सांगलंय."

बस्स. एवढंच घडलं. पोरगा भांडला नाही, कोणाला वाईट बोलला नाही. सोंग घेणार नाही म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्याला फोन यायचे बंद झाले. बाकीचे तिघे मुंबईला गेले. गाणारा कधी गावात आला की म्हणायचा, "बघूया, बघूया, मिटात." ज्या गोडाऊनमध्ये चौघे एका टोपात जेवले तिथे हा "बघूया" कुठून शिकून आला कोण जाणे! मला तर वाटतं, माणसाला पैशापेक्षा या शब्दाने जास्त बिघडवलंय. सरळ "नाही" म्हण की बाबा.

आणि मग वेंगुर्ल्यात त्यांचा कार्यक्रम जाहीर झाला. नाक्यानाक्यावर बॅनर. बॅनरवर फोटो चौघांचा, आणि मधोमध घुमटवाला, घुमट छातीशी धरून. मी शाळेतून येताना बघितलं आणि वाटलं, मिटलं वाटतं. काकीलाही तसंच वाटलं. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ती मला ओढतच गॅरेजवर घेऊन गेली. पोरगा एका स्कुटरचा टायर काढत बसला होता.

"तुझो फोटो लावल्यानी हा," काकी म्हणाली.

"फोटो जुनो आसा," तो मान वर न करता म्हणाला.

"तुका बोलवक नाय?"

"नाय."

काकीने पदर खोचला. मग म्हणाली, "मी आज जातंय. गाणा ऐकूक नाय. तुझ्याबद्दल काय सांगतत, ता ऐकूक जातंय."

"जाव नको, काकी."

"तू तुझो टायर बघ."

संध्याकाळी मैदान भरून गेलं होतं. मालवणहून, कुडाळहून, सावंतवाडीहून गाड्या करून पोरं आली होती. पुढच्या खुर्च्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या. काकी छत्री टेकत सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसली, तिच्या बाजूला मी. एक कार्यकर्ता धावत आला, "आजी, ही पाहुण्यांची खुर्ची." काकीने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मी यजमान आहे. पाहुणे आले की मी अवश्य उठेन." शुद्ध मराठी ऐकून मी त्याला खुणेनेच सांगितलं, जा बाबा.

स्टेजवर दिवे लागले, धूर सोडला, तिघे आले. चौथ्याच्या जागी एक स्टूल होतं. स्टुलावर घुमट, घुमटाला झेंडूचा हार, आणि वरून पिवळा लाईट. हार! जिवंत माणसाच्या वाद्याला! माझ्या बाजूची बाई घाबरून म्हणाली, "बाय माझे, गेलो की काय तो?"

पोरं ओरडायला लागली, "घुमट खंय? घुमट खंय?" तेव्हा गाणाऱ्याने माईक हातात घेतला आणि तोही शुद्ध मराठीत बोलला. "आपला लाडका घुमटवादक प्रकृती अस्वस्थ असल्यामुळे आज आपल्यात नाही. पण त्याचा ठेका आपल्यासोबत आहे!" आणि स्पीकरमधून घुमट सुरू झालं. कोणी वाजवत नव्हतं. आमच्या गोडाऊनमध्ये कधीतरी रेकॉर्ड केलेलं घुमट लॅपटॉपमधून लावलं होतं. त्या पोराचे हात तिकडे गॅरेजमध्ये आणि आवाज इकडे. चोरी याहून वेगळी काय असते, मला कोणी समजावून सांगावं.

बरं, लोकांनी काय करावं? कॉलेजच्या काही पोरी खरोखर रडवेल्या झाल्या. एक जण म्हणाला, "आमी मालवणसून इलव ता काय स्टूल बघूक?" आणि उठून गेला. माझ्या मागे दोघांची जुंपली. "आवाज येता मा घुमटाचो? मगे झाला तर!" एक म्हणत होता. दुसरा म्हणाला, "सोला नसलेली सोलकढी पी जा तू." तिसऱ्याने शहाणपणा केला, "तेका माज इलो होतो म्हणतत." कोण म्हणतत? कोणी नाही. हाच म्हणतो. आणि बाकीचे? बाकीचे मोबाईल वर धरून नाचत होते. लाईट आहे, धूर आहे, आवाज आहे, मग नाचायला काय जातंय! हेच ते तटस्थ. चौघांतले तिघे कमी झाले असते तरी यांनी नाचच केला असता. दुसरं गाणं, तिसरं गाणं. हळूहळू ओरडणारी पोरंही गप्प झाली, काही तर नाचायलाही लागली. माणसाला माणसाची सवय सुटायला दोन गाणी पुरतात, हे मी त्या दिवशी बघितलं, आणि मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

तिसरं गाणं संपलं. गाणाऱ्याने विचारलं, "काय वेंगुर्ला, खूश?" आणि टाळ्या पडायच्या आत काकी उठली. तिने छत्री दोन्ही हातांत नारळासारखी धरली. बंदरापर्यंत जाईल असा आवाज तिला होताच.

"बा देवा म्हाराजा! बारा वाडयेच्या, बारा वाटेच्या मालका! आज ह्या मैदानात तुझी सगळी लेकरा जमली हत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं मैदान. हसत हसत, पण अख्खं. लोकांना वाटलं कार्यक्रमाचाच भाग आहे.

"हेंनी चौघांचो फोटो लावन तिघांक उभे केल्यानी, ह्या तुका दिसता मा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता हसणं कमी झालं.

"जो हय नाय, तो आजारी नाय! सकाळी मी तेका धडधाकट बघितलंय, टायर काढी होतो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेना सोंग घेवचंय नाय म्हटल्यान, म्हणान हेंनी तेका काढल्यानी, आणि तेचो हात तेवडो पेटयेत घालून हय वाजवतत, ह्या खरा मा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी सगळ्यात मोठा आवाज स्पीकरमधून आला. गाणाऱ्याच्या हातात माईक तसाच होता. पोरगा इथलाच, शेजारच्या गावचा. वर्षानुवर्षं आमच्या गोडाऊनमध्ये काकीच्या प्रत्येक गाऱ्हाण्याला त्याने होकार भरलेला. जीभ सवयीने वळली. देवासमोर, मैदानासमोर, मॅनेजरसमोर, त्याने स्वतःच्या तोंडाने सांगून टाकलं की हे खरं आहे.

 स्टेजवर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. काकीने त्याच्याकडे बघत शेवटचं मागणं मागितलं, पण आता आवाज खाली आला होता, जवळजवळ लाडाने मागितल्यासारखा. "तर तेचा नाव हेंच्या तोंडातसून येवंदे रे म्हाराजा." आणि ती बसली.

एवढंच हवं होतं. एक नाव. तो म्हणाला असता, चुकलो, याचं नाव अमुक, तो आमच्यातला आहे, तर लोकांनी त्याला डोक्यावर घेतला असता. त्याने तोंड उघडलंही होतं, मी पहिल्या रांगेतून बघितलं. तेवढ्यात बाजूच्या पडद्यामागून मॅनेजरने हात केला, आणि आमचा हिरो माईक सावरून म्हणाला, "चला, पुढचं गाणं!"

मग जो गोंधळ झाला तो झाला. अर्धं मैदान उठून गेलं. काही जण काकीवरच ओरडले, "ए म्हातारे, घराक जा!" काही जण त्यांच्यावर ओरडले. उरलेले शेवटपर्यंत नाचले. काकी शेवटपर्यंत बसून राहिली. मी तिला तीनदा म्हटलं, चल घरी. ती म्हणाली, "गाऱ्हाणा घातलंय गो. उत्तर येय सर उठूचा नसता." उत्तर आलं नाही. खुर्च्या उचलायला माणसं आली, तेव्हा ती उठली.

दुसऱ्या दिवसापासून तो व्हिडिओ सगळीकडे. आमच्या स्टाफरूममध्ये एक सर चहा पिता पिता म्हणाले, "कलाकारांच्या आतल्या गोष्टी असतात, बाहेरच्यांनी नाक खुपसू नये." मी म्हटलं, सर, आतला माणूस बाहेर काढला की मग ती गोष्ट बाहेरचीच होते. ते पुढे माझ्याशी कधी नीट बोलले नाहीत. फार बिघडलं नाही.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो? तो दुपारी आला तोच तावातावाने. त्याला इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "कित्या केलंस ह्या? सगळ्या गावासमोर माझ्यासाठी भीक मागलंस!"

"भीक?" काकी म्हणाली. "भीक दुसऱ्याच्या वस्तूची मागतत रे. नाव तुझा आसा. तुझा नाव मी तेंच्याकडे मागतंय म्हणजे भीक कशी?"

तो उभाच राहिला.  शेवटी तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "चाय घाल."

काही दिवसांनी मॅनेजरचा फोन आला. आजींचा व्हिडिओ खूप चालला, म्हणे. आजी फार गोड बोलतात. नव्या गाण्यात सुरुवातीला आजींचं गाऱ्हाणं घेऊया, आजींना स्टेजवर आणूया. काकीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "क्षमा करा, आपला नंबर चुकला आहे. येथे कोणीही आजी वास्तव्यास नाही." फोन ठेवला आणि मला म्हणाली, "हेका वाटता माणसा म्हणजे काजी. गर काढून घेवचो आणि टरफाल टाकूचा." मग त्या मॅनेजरच्या नावाने जे काही मालवणीत बोलली ते मी इथे लिहू शकत नाही. पोरं वाचतात.

घुमटवाला परत कधी त्यांच्यात गेला नाही. गणपतीत वाडीतल्या आरत्यांना वाजवायचा, आणि काकीच्या पायरीवर. गोडाऊनला तिने परत कुलूप लावलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "वारो जाव दे आत."

गेल्या पावसाळ्यात काकी गेली. झोपेतच गेली. माझी तोवर कणकवलीला बदली झाली होती. मी पोचले तेव्हा सगळं आटपलं होतं. पायरीवर घुमटवाला एकटाच बसला होता. मी बाजूला बसले. 

चार दिवसांनी त्या तिघांच्या ग्रूपने मोबाईलवर काकीचा फोटो टाकला. वर लिहिलं होतं, "आमच्या पहिल्या रसिक, आमच्या लाडक्या काकी. तुमचा आवाज कायम आमच्या गाण्यात राहील." खाली हजारो हात जोडलेले, हजारो बदाम. तो फोटो मीच काढलेला आहे. गोडाऊनच्या दारात काकी सुपात काजू घेऊन बसली आहे, खोटं खोटं चिडली आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना पोरं. मी काढला तेव्हा पोरं चार होती. आता तीन आहेत. काकीच्या उजव्या अंगाला फोटो कापलाय, सफाईने कापलाय. फक्त तिच्या खांद्यावर एक हात तेवढा राहिलाय. मनगटापासून पुढे, नखांत ग्रीस. तो कापायचा तर काकीचा खांदा कापावा लागला असता.

मी कमेंट सगळ्या वाचल्या. भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली. त्या हाताबद्दल एकानेही विचारलेलं नव्हतं. तेव्हा मी खाली लिहिलं, "काकीच्या खांद्यावरचा हात कोणाचा आहे?"

थोड्या वेळाने बघितलं तर माझी कमेंट काढून टाकली होती. मी परत लिहिली.